चिंचेनं घासलेली वजनं

शाळेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेलं की पहिली खोली प्रयोगशाळेची. दार तेच आहे. निळा रंग जाऊन त्यावर हिरवा आलाय, आणि हिरव्याचेही खालून पोपडे सुटायला लागलेत. मे महिना, शाळेला सुट्टी. चुलतभावाच्या लग्नाला म्हणून मी इतक्या वर्षांनी कोईमतूरहून गावी आले होते. लग्नघरात बसवेना. प्रयोगशाळेची किल्ली हल्ली खिचडी शिजवणाऱ्या आक्कांकडं असते असं कळलं, म्हणून त्यांना गाठलं.

"काय बघायचं हाय आत?" आक्का म्हणाल्या. "तांदूळ हाईत आन् उंदरं हाईत."

आत खरोखरच तांदळाची पोती रचलेली. गोणपाटाचा वास, उंदराच्या लेंड्यांचा वास, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक जुना, आंबूस, घशाला धरणारा वास. स्पिरिटचा दिवा, गंधक, लाकडी टेबलात वर्षानुवर्षं मुरलेलं काहीबाही. आक्कांना तो येत नव्हता. मला दुसरा कुठला येत नव्हता.

खिडकीजवळच्या कट्ट्यावर तराजूची काचेची पेटी होती. फक्त पेटी. आतला दांडा नाही, पारडी नाहीत, मधला लांब काटाही नाही. त्यांच्या जागी हळदीचा डबा, मिठाची बरणी, मोहरीची पुडी.

"काच हाय न्हवं," आक्का कौतुकानं म्हणाल्या, "उंदीर शिरत न्हाई. लई सोयीचं कपाट दिलंय बघा सरकारनं."

मी हसले. हसताना माझ्या डाव्या गालाची कातडी जरा ओढली जाते. आक्कांनी तिकडं बघितलं आणि माणसं बघतात तशी लगेच नजर काढून घेतली.

ही पेटी उघडायची एक रीत होती. बसवंतमामा आधी दोन्ही हात धोतराला पुसायचे. मग पुढची काच दोन बोटांनी अशी वर सरकवायचे की आवाज म्हणून होऊ नये. आणि म्हणायचे, "श्वास धरा रे. श्वासानं पारडं हलतंय." चाळीस पोरंपोरी श्वास धरून उभी. काटा डावीकडं जाई, उजवीकडं येई, कमी कमी होत मधल्या रेघेवर थांबे. मग मामा सोडायचे तो श्वास आम्हा सगळ्यांचा असायचा. पुढं आयुष्यात देवळातसुद्धा मी तशी शांतता ऐकली नाही.

मामा शाळेचे प्रयोगशाळा परिचर. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावचे. घरात कन्नड, शाळेत मराठी, रागावले की दोन्ही. कपाळावर विभूतीची तीन बोटं आणि शर्टाच्या खिशात, जिथं मास्तर लोक पेन लावतात तिथं, वजनं धरायचा चिमटा. शिक्षण सातवी. नोकरीला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक, पण अजून कायम झालेले नव्हते. सगळ्या मुलींना ते 'तंगी' म्हणायचे. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. एखादीनं घाई केली की म्हणायचे, "निधान, तंगी, निधान." निधान म्हणजे हळू. आम्ही त्यांची नक्कल करायचो, डबा खाताना, पाणी शेंदताना, कशालाही, निधान तंगी निधान.

वजनांची पेटी लाकडी होती. झाकण उघडलं की आत लाल मखमल आणि मखमलीत एकेक खळगा. शंभर ग्रॅम, पन्नास, वीसची दोन, दहा, मग लहान होत होत एक ग्रॅमचं हरभऱ्याएवढं वजन. त्याच्या पलीकडं काचेच्या पट्टीखाली मिलिग्रॅमचे पत्रे, माशाच्या खवल्याएवढे, एक कोपरा वर वळवलेला, तिथं चिमट्यानं धरायचं. हातानं नाही. एकदा शैलानं, माझ्या मैत्रिणीनं, वीसचं वजन सरळ बोटांत उचललं. मामा ओरडले नाहीत. त्यांनी ते तिच्या हातून चिमट्यानं काढून घेतलं, मऊ कापडानं पुसलं आणि म्हणाले, "बोटाला घाम असतोय तंगी, आन् घामाला वजन असतंय. पुढल्या वर्षी तुझ्या बोटाचं वजन दुसऱ्या कुणाच्या तरी उत्तरात शिरंल."

घरी आमच्याकडं मोजमाप होतं ते सगळं अंगाचं. आई पीठ पसाभर घ्यायची, मीठ चिमूटभर, कापड हातभर. दादा म्हणजे माझे वडील, ते अंतर बिडीत सांगायचे. मळा एका बिडीवर, बिद्रीचा रस्ता तीन बिड्यांवर. मला ते पुरायचं आणि पुरायचं नाही. शाळेत शिकलेला सेंटीमीटर मी घरी आणला. पट्टी घेऊन चौकटी मोजल्या, म्हशीचं शेपूट मोजलं, आईची वीत मोजली. एकोणीस सेंटीमीटर. आई म्हणाली, "ते काय करायचं ठिवून?" मी वहीत ठेवलं. ती गेली त्या वर्षी मला तो आकडा आठवला. तिच्या हाताचं माझ्याजवळ दुसरं काही नाही.

विज्ञानाला भोसलेसर होते. उंच, पांढरी पँट, खडूची बोटं. शिकवायचे चांगलं, ते कशाला नाकारू. फळ्याजवळ उभं करून उत्तर विचारायचे, आणि एखादा नुसताच "पाच" म्हणाला की संपलं.

"पाच काय? म्हशी? भाकरी? का पायताणं?"

"पाच ग्रॅम, सर."

"मग तोंडानं ग्रॅम म्हणायला काय कर भरायला लागतो काय तुझ्या बाला?"

वर्ग हसायचा. उत्तर बरोबर असून एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क जायचा. माझा कधी गेला नाही. मीटर, किलोग्रॅम, सेकंद, केल्विन. ती नावं मी गुणगुणत असे, ओव्या म्हणाव्यात तशी. त्यांत एक पक्कं, कोरडं सुख होतं. इथला एक ग्रॅम आणि विलायतेतला एक ग्रॅम सारखाच. मुलीनं तोलला तरी, मुलानं तोलला तरी. असं सारखं दुसरं काय होतं गावात?

प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर सुरक्षिततेचे नियम लिहायचे असत. लाल शाईनं शीर्षक, निळ्यानं मजकूर, भोवती वेलबुट्टीची चौकट. आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल थेंबथेंब घालावे. रसायनाचा वास थेट घेऊ नये. चिठ्ठी नसलेल्या बाटलीस हात लावू नये. माझं अक्षर वळणदार म्हणून मी स्वतःच्या वहीत लिहिले, शैलाच्या वहीत लिहिले, आणखी चौघींच्या वहीत लिहिले. सहा वेळा. सरांनी शेरा दिला, 'उत्तम'. त्या नियमांबद्दल वर्गात कुणी एक शब्द बोललं नाही. ते पान सजवायचं होतं.

दिवाळीच्या सुमाराला ऊस तुटायला लागायचा. बिद्रीच्या कारखान्याचा भोंगा वाऱ्याची दिशा असेल तसा कधी ऐकू यायचा, कधी नाही, पण मळीचा गोडूस, कुजका वास यायचाच. प्रयोगशाळेच्या खिडक्या लावल्या तरी यायचा. आत गंधक जळतंय, बाहेर मळी, आणि मामा परीक्षानळ्या उपड्या घालतायत, लाकडी घोडीवर, एकेक, टक् टक्. आषाढात काड्या सादळायच्या, दिवा पेटायचा नाही, तेव्हा मामा काडेपेटी स्वतःच्या बंडीत, अंगाच्या उबेला ठेवायचे. पेटलेल्या दिव्याची ती निळी, जवळजवळ न दिसणारी ज्योत. तिच्यावर हात धरला की कळायचं आहे म्हणून.

मामांनीच मला सांगितलं होतं की कोल्हापुरात दवाखान्यात मुली असतात, पांढरा कोट घालून रक्त तपासतात. "तुझा हात हालत न्हाई, तंगी. तुला जमंल. दहावी चांगली हो, आन् सायन्सला जा." मी ते घरी सांगितलं. दादा म्हणाले, "दहावी तर हो, मग बघू." त्या 'बघू'त काय असतं ते मला माहीत होतं. आत्याच्या नात्यातली स्थळं दर सणाला चहाबरोबर येत होती. दहावी आणि पांढरा कोट एका बाजूला, ती स्थळं दुसऱ्या बाजूला. मार्चपर्यंत शाळेत टिकायचं, एवढंच मला हवं होतं. बाकी जगाशी माझं काही मागणं नव्हतं.

दहावीच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. त्या दिवशी खंडेनवमी. गावात ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. दादांचा नांगर, सुताराची पटाशी, शिंप्याची कात्री. शाळेत पूजा प्रयोगशाळेची असायची. दर वर्षी मामा एकटेच तराजूला हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून मोकळे व्हायचे. त्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष येणार होते. म्हणून सकाळीच भोसलेसरांनी आम्हा चार मुलींना वर्गातून उठवलं. मुलांनी तोरणं बांधायची, मुलींनी घासायचं. सोबत चिंचेचा गोळा नि राख.

मामा दारातच होते. "वजनास्नी चिंच नको, सर. झिजत्यात. मी कापडानं पुसतो की."

"बसवंत, ही काळी वजनं अध्यक्षांपुढं ठेवू? आणि झिजून झिजून किती झिजणार?"

"किती ते बघायला हीच वजनं हाईत न्हवं आपल्याकडं. दुसरी कुठली हाईत?"

आम्ही मुली हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी मामांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि त्यांना सायकलवरून बाजाराला पाठवलं, झेंडू नि नारळ आणायला. जाताना मामांनी वजनांच्या पेटीकडं बघितलं, मग आमच्याकडं.

आणि आम्ही घासली. घरी तांब्या घासतो तशी, देवाची समई घासतो तशी. दुसरी तऱ्हा आम्हाला ठाऊकच नव्हती. पितळ म्हटलं की चिंच, चिंच म्हटलं की राख, आणि सणाच्या आदल्या दिवशी घरात काळं भांडं राहिलं तर ती बाई कसली. बोटं चिंचेनं सुरकुतली. शंभरचं वजन सोन्यासारखं निघालं. शैला ते उन्हात धरून म्हणाली, "रुखवताला ठेवू की गं." आम्ही पोट धरधरून हसलो. मिलिग्रॅमचे पत्रे एका वाटीत चिंचेच्या पाण्यात भिजत घातले होते, ते कधी राखेबरोबर मोरीत वाहून गेले ते कळलंच नाही. कळलं तेव्हाही हसलोच. दहा मिलिग्रॅम म्हणजे असून नसल्यासारखं. त्या सकाळी मला कसलं भय नव्हतं. तसा दिवस नंतर आला नाही, म्हणून इतकं सांगते.

सर मध्येच डोकावले, किल्ली माझ्या हातात दिली. "बाटल्यापण काढून घ्या, पुसून ठेवा. अध्यक्षांची नजर सगळीकडं जाते." आणि स्टाफरूमकडं गेले.

कपाटात खालच्या फळीवर मागं एक बाटली होती. चिठ्ठी खाऊन गेलेली, अंगावर पांढरे ओघळ. तळाला दोन बोटं काहीतरी जाड, तेलासारखं, हलवलं की सावकाश हलणारं. मला वाटलं ग्लिसरीन. नुसती पुसून ती स्वच्छ होईना. घरात तेलाची बाटली विसळतात तशी विसळावी म्हणून मी ती कट्ट्यावर ठेवली, बूच काढलं आणि वरून पेलाभर पाणी ओतलं.

आधी आवाज आला. तापलेल्या तव्यावर पाणी पडतं तसा, पण खोलवरून. बाटली हातात गरम झाली. मग डाव्या बाजूला कुणीतरी निखारे फेकले.

ओरडले का, आठवत नाही. आठवतं ते झेंडूचं पोतं पडल्याचं. मामा तेवढ्यात बाजारातून परतले होते. त्यांनी मला दंडाला धरून ओढत बाहेर टाकीशी नेलं, डोकं खाली दाबलं आणि तांब्यानं पाणी ओतायला लागले. शिवणाच्या बाई टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. भोसलेसर सोड्याची पुडी घेऊन आले. मामा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "काय बी लावायचं न्हाई. हात लावू नका, सर." सरांना त्यांनी हुकूम दिलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "तंगी, डोळा उघड. उघड म्हणतो न्हवं. पाणी जाऊ दे आत."

वऱ्हांड्यातलं घड्याळ त्यांना तिथून दिसत होतं. दर थोड्या वेळानं मी म्हणायची, पुरे, थंडी वाजते, आणि ते म्हणायचे, "आजून न्हाई." वीस मिनिटं. पूजेसाठी भरलेली अख्खी टाकी त्यांनी माझ्या तोंडावर रिकामी केली. वीस मिनिटांचे बाराशे सेकंद होतात, हा गुणाकार मी तिथं, तसल्या आगीत, मनात केला होता. डोळा वाचला. गाल, गळा आणि कोपरापर्यंतचा हात तेवढा गेला.

दवाखाना गावापासून चार किलोमीटर. दिवसाआड पट्टी बदलायची. दादा उसाच्या नि म्हशींच्या मागं, म्हणून मामा न्यायचे, सायकलच्या कॅरिअरवर पोत्याची घडी टाकून. दोन्ही बाजूंना ऊस, तुऱ्यांवर ऊन. पट्टीचा वास, आयोडिनचा वास, मामांच्या पाठीवरचा घामाचा नि विभूतीचा वास. ते पुढं बघत बोलायचे. "खड्डा हाय, धरून बस." कधी एकक विचारायचे. "दाबाचं काय?" मी म्हणायची, "पास्कल." "आन् बळाचं?" "न्यूटन." दहावी चुकू नये म्हणून.

तिसऱ्या की चौथ्या पट्टीनंतर भोसलेसर आमच्या घरी आले. मोसंबीची पिशवी घेऊन. सोप्यात बसले, माझ्याकडं न बघता दादांना म्हणाले, "चौकशी होणार आहे. पोरीनं एवढंच सांगायचं, कपाट उघडं होतं. मी किल्ली दिली हे निघालं तर शाळेचं नाव जाईल. दहावीचे फॉर्म तोंडावर आलेत. हिचा फॉर्म माझ्याच हातून जाणार आहे."

ते गेल्यावर दादांनी बिडी पेटवली. मग म्हणाले, "मास्तरच्या वाकड्यात शिरून शाळा हुतीया व्हय? तुला शाळा पायजे का न्हाई, तेवढं सांग."

"पायजे."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. फिनेलचा वास, हेडसरांच्या टेबलावरची हिरवी बनात, खिडकीत वाळत घातलेला खडूचा फडका. संस्थेचे एक गृहस्थ बसलेले, कारकून लिहायला बसलेला. हेडसर मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, घाबरू नको. पाणी देऊ का? कपाटाला कुलूप होतं की नव्हतं?"

मी म्हणाले, "कपाट उघडं होतं."

कारकुनानं लिहिलं, कपाट उघडे होते. मी सही केली. वळणदार.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सायकलची घंटा वाजली. मामा. पोत्याची घडी कॅरिअरवर. त्यांना अजून काही कळलेलं नसणार, असं मला वाटलं, आणि बरं वाटलं. मी मागं बसले. त्या दिवशी त्यांनी एकही एकक विचारलं नाही. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. दवाखाना येईपर्यंत सांगावं, सांगावं असं करत चार किलोमीटर संपले.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मामा नव्हते. कपाटाची किल्ली सांभाळायचं काम त्यांचं होतं. कायम नसलेल्या माणसाला काढायला कागद लागत नाही.

मग प्रयोगशाळेत मुलींनी यायचं नाही असं ठरलं. सुरक्षिततेसाठी. मुलं प्रयोग करायची, आम्ही वर्गात बसून त्यांची निरीक्षणं वहीत उतरवायचो. पण तीही चुकायला लागली होती. मिलिग्रॅमच्या खाचा रिकाम्या, काटा मधल्या रेघेवर येऊन थांबेना. दरवर्षीचा तोच लोखंडी ठोकळा, त्याचं उत्तर गेल्या वर्षीशी जुळेना. भोसलेसर म्हणाले, "आलेलं लिहू नका. पुस्तकातलं लिहा." मी लिहिलं. अक्षर चांगलं होतं.

आणि माझी शाळा? तुळशीची लग्नं झाली आणि एक स्थळ आलं. खानापूरकडचे लोक, कोईमतूरला गलाईचा धंदा, म्हणजे सोनाराकडचं मोडीचं सोनं ॲसिडनं शुद्ध करून द्यायचं. बघायला आलेल्या सासऱ्यांच्या दोन्ही हातांवर पांढरे डाग होते. त्यांनी माझा गाल बघितला आणि म्हणाले, "एवढं चालायचंच." दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. डाग असून पोरगी पसंत केली, हे उपकार. फॉर्म भरला होता, भोसलेसरांनी शब्द पाळला होता, परीक्षेचा नंबरसुद्धा आला होता. मार्चमध्ये त्या नंबराचा बाक रिकामा राहिला असेल. मी तेव्हा कोईमतूरला एका खोलीत, भाषा न कळणाऱ्या गल्लीत, भिंतीला पाठ लावून बसले होते.

तक्रार करावी असं मला तिथं मिळालं नाही, हे लिहायला पाहिजे. नवरा हात उगारणारा नाही. भट्टीशेजारी पाण्याचं पिंप कायम भरलेलं ठेवायचं, ही माझी अट त्यानं हसत का होईना मानली. दोन कारागिरांचे हात त्या पाण्यानं वाचले, आणि दोन्ही वेळा मी घड्याळ बघत "आजून न्हाई" म्हणत उभी होते. पण मी बाटलीचं बूच तीनदा बघते. मुलं पाणी पितात तो पेलासुद्धा हुंगून बघते. नवरा म्हणतो, "किती भितीस गं?" 'किती'ला एकक काय, ते मला सांगता येत नाही.

आक्कांनी प्रयोगशाळेला कुलूप घातलं तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बसवंतमामा कुठं असतात?

"बसवंता व्हय? शाहूपुरीत, काट्याच्या दुकानात. तवापास्नं तिथंच की. पोरास्नी शिकवलं त्यावरच, कसं शिकवलं त्येला ठावं."

दुसऱ्या दिवशी लग्नाची हळद सोडून मी एस.टी.नं कोल्हापूरला गेले. शाहूपुरीत व्यापारी पेठेतलं अरुंद दुकान, तराजू नि वजनकाटे विकायचं, दुरुस्त करायचं. बाहेर रंगीत आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे. आत अंधारात एक म्हातारा माणूस झिजलेलं लोखंडी वजन उलटं करून, घट भरून काढायला त्याच्या बुडातल्या खळग्यात शिशाचा तुकडा ठोकत होता. विभूती होती. मान वर न करता म्हणाले, "या पावणं. काय दाखवू?"

"मामा, मी. शाळेतली. ॲसिडवाली."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. उठले. मला दारातल्या उजेडाकडं वळवलं, हनुवटीला एक बोट लावून.

"डोळ्यानं दिसतंय न्हवं?"

"दिसतंय."

"चष्मा?"

"नाही लागला."

"झालं तर." ते परत बसले. मला स्टूल दिलं. मुलं किती, कुठं असतेस, तिकडं भाकरी मिळती का नुसता भातच, सगळं विचारलं. मी उत्तरं दिली. मग जे बोलायला आले होते ते बोलायला तोंड उघडलं. "मामा, तेव्हा ऑफिसात मी..."

"कपाट उघडं होतं म्हणालीस. म्हाईत हाय की."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं कुणी? मी दारातच हुभा होतो. हेडसरांनी पाणी आणायला सांगितलंतं, तुझ्यासाठी. तांब्या घेऊन आलतो."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, काटे थरथरले, त्यांचे आकडे बदलले आणि पुन्हा शून्यावर आले.

"म्हणजे दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन आलात तेव्हा..."

"तवा ठावं होतं."

"मग आलात कशाला?"

"पट्टीचा वार होता की," ते म्हणाले, आता यात विचारायचं काय असतं, अशा सुरात.

"राग नाही आला तुम्हाला?"

"आलता. लई आलता. सगळ्या वाटंनं आलता. वाटलं, आता बोलंल, वढ्याशी बोलंल. तिथं न्हाई तर चढाला बोलंल. दवाखाना आला. तू उतरलीस." त्यांनी शिशाचा तुकडा बोटांत फिरवला. "लहान होतीस म्हणून सोडावं म्हटलं. सुटंना."

"अजून आहे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे पाणावलेले वगैरे काही नव्हते. वजन बघताना बघायचे तसे बघत होते.

"हाय," ते म्हणाले. मग मागं वळून फळीवरचा थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढं धरला. "घे. निवंल."

मी दोन्ही हातांनी घेतला आणि प्याले. त्यांनी हातोडी उचलली आणि शिशाचा तुकडा ठोकायला लागले. एस.टी.ची वेळ होईपर्यंत मी त्या स्टुलावर बसून राहिले.